अभ्यासाचं टाइमटेबल तासांचं नको, कामाचं करा

अकरावीचं पुस्तपालन व लेखाकर्म हे पुस्तक वाचा, असं मी हिशेबावरच्या जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत सांगतो. त्यावर ठरलेला प्रश्न येतो, "सर, टाइमटेबल द्या ना." काही जण स्वतःच बनवून पाठवतात. पहाटे ५ ते ७ वाचन, रात्री १० ते ११ उजळणी, रविवारी ४ तास. रंगीत पेनानं आखलेलं असतं, मोबाइलच्या वॉलपेपरला लावलेलं असतं. महिन्याभरानं विचारलं तर गाडी पहिल्याच प्रकरणात अडकलेली असते आणि माणूस म्हणतो, "सर, आपल्याच्यानं अभ्यास होत नाही."

मला हे वाक्य आवडत नाही. उधारीवाल्या दोनशे गिऱ्हाइकांची नावं आणि आकडे ज्याला तोंडपाठ आहेत, त्याच्यानं दहा प्रकरणांचं पुस्तक होत नाही, हे मी मानायला तयार नाही. घोळ टाइमटेबलात आहे. ते विद्यार्थ्याचं आहे, आणि तुम्ही विद्यार्थी नाही.

लातुरात राहून असं बोलणं म्हणजे पंढरपुरात जाऊन वारी कशाला असं विचारण्यासारखं आहे, मला कल्पना आहे. आपल्या गावात 'उद्योग भवन' म्हटलं की कुणाला कारखाना आठवत नाही, ट्यूशन एरिया आठवतो. उद्योगाच्या नावाचा परिसर आणि तिथं पाठीवर दप्तर घेतलेली लेकरं! आसपास मेस, हॉस्टेल, झेरॉक्स, अभ्यासिका. अभ्यासिकेत महिन्याच्या भाड्यावर खुर्ची मिळते. आपल्यापैकी कितीतरी जणांचा धंदा याच लेकरांवर चालतो. त्यामुळे अभ्यास म्हणजे घड्याळ, आणि जास्त तास म्हणजे जास्त अभ्यास, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

पण लातूर पॅटर्न मुळात काय होता ते बघा. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली सुरू झालं. प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्यांच्याबरोबरच्या प्राध्यापकांनी तिथं जी पद्धत बसवली, ती पुढे दयानंदसह गावातल्या इतर कॉलेजांतही रुजली. (वाघमारे सर नंतर १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू झाले.) मराठवाड्यातली साधी, शेतकऱ्यांची पोरं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत दिसायला लागली आणि अख्ख्या महाराष्ट्राचे कान टवकारले. पद्धत कशी होती? अभ्यासक्रम लवकर संपवायचा. मग पेपर घ्यायचा, तो तपासून मुलाच्या हातात द्यायचा, कुठं चुकलं ते दाखवायचं, आणि पुन्हा पेपर घ्यायचा.

यातला जीव पेपरमध्ये आहे. बारा तास बसणं हा त्याचा वरचा देखावा. आपण नक्कल केली ती घड्याळाची. पेपर सोडून दिला, कारण पेपर दिला की चूक दिसते, आणि नुसतं वाचत बसलं की सगळं कळल्यासारखं वाटतं.

२००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं होतं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून पुस्तक बंद केलं आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. धंद्यात आपल्याला पाच मिनिटांनी कुणी विचारत नाही. वर्षाच्या शेवटी विचारतात, तेही बँकेवाले.

न वाचल्यानं काय जातं?

"हिशेब सीए बघतो, मी कशाला वाचू?" हा दुसरा ठरलेला प्रश्न. दोन उदाहरणं देतो, दोन्ही कागदावर मांडून बघा.

समजा तुम्ही १,२०,००० रुपयांचं झेरॉक्स मशीन घेतलं. पाच वर्षं चालेल, शेवटी विकून २०,००० येतील. म्हणजे पाच वर्षांत एक लाख झिजणार. वर्षाला २०,०००, महिन्याला साधारण १,६६७ रुपये. महिन्याला ५,००० प्रती निघत असतील तर एका प्रतीमागे ३३ पैसे नुसते मशीनच्या झिजेचे. कागद, टोनर, लाइट बिल, भाडं त्याच्यावर वेगळं. शेजारच्यानं रेट पाडला म्हणून तुम्हीही पाडला आणि हे ३३ पैसे धरलेच नाहीत, तर पाच वर्षांनी नवीन मशीनला पैसे कुठून येणार? गल्ला रोज भरलेला दिसत होता, पण त्यात मशीनही थोडं थोडं विकलं जात होतं. पुस्तकात यालाच 'घसारा' म्हणतात. एक प्रकरण आहे.

दुसरं उदाहरण जास्त टोचणारं आहे. एका छोट्या दुकानाचा आकडा धरू. १ एप्रिलला माल, रोकड, बँक, येणी हे सगळं मिळवून त्यातून देणी वजा केली तर मालकाचं भांडवल ३,४०,००० होतं. ३१ मार्चला तसंच काढलं तर ३,९०,०००. मालक खूश, पन्नास हजार वाढले! आता त्यानं वर्षभर घरखर्चाला महिन्याला १५,००० उचलले, म्हणजे १,८०,०००. आणि मध्ये घरातलं सोनं मोडून ५०,००० दुकानात घातले. नफा काढायचा तर शेवटचं भांडवल अधिक उचल, वजा नवीन घातलेलं भांडवल, वजा सुरुवातीचं भांडवल. ३,९०,००० अधिक १,८०,०००, वजा ५०,०००, वजा ३,४०,०००. उत्तर १,८०,०००.

म्हणजे महिन्याला १५,०००. दुकान वाढलेलं नाही, वाढलेले पन्नास हजार हे बायकोच्या सोन्याचे आहेत. आणि मालकाला जे मिळालं ती त्याची मजुरी आहे, रोज बारा तासांची. हे त्याला वाईट वाटावं म्हणून सांगत नाही. पंधरा हजारात भागत असेल तर धंदा जिवंत आहे. पण "पन्नास हजार वाढले" असं समजून तो उद्या दुसरा गाळा भाड्यानं घेईल, ही भीती आहे.

ही आकडेमोड अकरावीच्या पुस्तकातल्या शेवटच्या प्रकरणात आहे, एकेरी नोंद पद्धतीच्या. पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतं, मराठीतून.

म्हणून नवीन माणसाला मी एक गोष्ट सांगतो आणि शिक्षकांना ती पटत नाही. आधी शेवटचं प्रकरण वरवर चाळा. सगळं कळणार नाही, नको कळू दे. पण तुमचं दुकान आज ज्या अवस्थेत आहे (थोडं वहीत, थोडं डोक्यात, थोडं गुगल पे मध्ये) ती अवस्था त्या प्रकरणात लिहिलेली आहे. स्वतःचे दोन आकडे काढा, १ एप्रिलचा आणि आजचा. मग पहिल्या प्रकरणाकडे या. आता तुम्ही कशासाठी वाचताय ते तुम्हाला ठाऊक आहे.

तास का चालत नाहीत

विद्यार्थ्याच्या वेळेवर विद्यार्थ्याचा ताबा असतो. जेवण मेसमधून येतं, दार लावलं की कुणी हाक मारत नाही. तुमच्या वेळेवर ताबा गिऱ्हाइकाचा आहे. तुम्ही 'दुपारी ३ ते ४ रोजकीर्द' लिहिलं आणि ३ वाजून ५ मिनिटांनी कुणी बस्त्यासाठी आठ माणसं घेऊन आलं, तर तुम्ही काय सांगणार, चारनंतर या? वेळापत्रक मोडणं हेच तिथं शहाणपण आहे. पण मोडलं की मनाला लागतं, आणि तिसऱ्यांदा मोडलं की पुस्तक फ्रीजवर जातं.

पहाटे ५ चं तर मला फारच कौतुक ऐकू येतं. दुकान साडेनऊला बंद करून, गल्ला मोजून, जेवून झोपायला साडेअकरा वाजतात. पाचला उठून बसलेला माणूस नावे-जमा वाचत नाही, अक्षरं बघतो. आणि ज्या ताई घरून शिवणकाम, पापड-मसाले, केक करतात त्यांची पहाट कुणी विचारत नाही. डबे असतात. लातुरात तर नळाचा दिवस असतो. नळाला पाणी येणार त्या दिवशी अभ्यास ठरवू नका, मी स्वतः सांगतोय. तो दिवस पाण्याचा.

मला विचाराल तर आपल्याकडे दुपार चांगली. एप्रिल-मे मध्ये तर दीड ते चार रस्त्यावर कुत्रंही फिरत नाही. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, पण त्या वेळी तिथंही निवांत असतं. काउंटरवर बसून तेव्हा लोक रील्स बघतात. पण हेही मी वेळ म्हणून लिहून देत नाही. तुमची दुपार कधी पडते ते तुम्हाला माहीत.

दुसरं कारण, आपला अंदाज चुकतो. सगळ्यांचाच चुकतो. १९९४ साली कॅनडातल्या एका अभ्यासात रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल? सरासरी उत्तर आलं साधारण ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले साधारण ५५. स्वतः सांगितलेल्या तारखेला दहातले तीनच जण पोचले. हे पूर्णवेळ विद्यार्थी होते बरं का, यांना दुकान नव्हतं. तुम्ही म्हणालात "एक महिन्यात पुस्तक संपवतो", तर त्याला किमान दीडपट धरा. बांधकामाच्या ठेकेदाराची तारीख ऐकून आपण मनातल्या मनात जेवढे दिवस वाढवतो, तेवढे स्वतःच्या तारखेलाही वाढवा.

आणि तिसरं, प्रकरणं सारखी नसतात. पहिलं ओळखीचं प्रकरण दोन बैठकांत वाचून होतं. सहाय्यक पुस्तकांचं प्रकरण, म्हणजे रोख पुस्तक, खरेदी पुस्तक, विक्री पुस्तक, परतीची पुस्तकं, किरकोळ रोख, हे दोन बैठकांत करून दाखवा! 'आठवड्याला एक प्रकरण' असं जे लिहितात, त्यांनी पुस्तक उघडून पाहिलेलं नसतं.

मग आखायचं कसं

पुस्तक हातात घ्या आणि प्रत्येक प्रकरणापुढे पेन्सिलनं एक अक्षर लिहा. 'वा' म्हणजे वाचायचं, 'क' म्हणजे करायचं. ओळख आणि मूलतत्त्वं ही 'वा'. रोजकीर्द, खातेवही, सहाय्यक पुस्तकं, बँक जुळवणी, चुकांची दुरुस्ती, अंतिम खाती ही सगळी 'क'. घसारा अर्धा-अर्धा. बघा, पुस्तकाचा मोठा भाग 'क' आहे. तो वाचून येत नाही. भाकरी थापायचा व्हिडिओ दहा वेळा बघितला तरी पहिली भाकरी फाटतेच.

'क' प्रकरणाचं माप पानात धरू नका, नोंदीत धरा. रोजकीर्द घेतली असेल तर एका बैठकीत पाच नोंदी. पण पुस्तकातल्या रमेश-सुरेशच्या नकोत, कालच्या तुमच्या दुकानातल्या. काल रोखीनं विक्री झाली, एक. घाऊकवाल्याकडून उधारीवर माल आला, दोन. लाइट बिल फोनवरून भरलं, तीन. घरच्या भाजीला गल्ल्यातून दोनशे घेतले, चार. (ही नोंद निम्मे लोक करतच नाहीत, आणि वर सांगितलेला १,८०,००० चा आकडा म्हणूनच कुणाला ठाऊक नसतो.) उधारीवाल्यानं पाचशे फोन पे केले, पाच. कोणतं खातं नावे, कोणतं जमा, एवढं लिहा. अडलं तर पुस्तकात नियम बघा. बैठक संपली. वीस मिनिटं लागतील, मध्ये गिऱ्हाईक आलं तर चाळीस. पाच नोंदी झाल्या की झालं, मग तास झाला की अर्धा, त्याच्याशी घेणं नाही.

पहिला आठवडा तारीख ठरवू नका. फक्त मोजा, किती बैठका झाल्या. सात दिवसांत चार झाल्या तर तुमचा वेग चार. रोजकीर्दीला मी दहा बैठका धरतो, म्हणजे अडीच आठवडे, आणि वरचं दीडपट लावलं की चार आठवडे. आता ही तारीख खरी आहे, कारण ती तुमच्या दुकानातून आली.

हुकलेल्या बैठकीचं काय? तिला खतवायचं नाही. आज पाच नोंदी राहिल्या म्हणून उद्या दहा, असं केलं की तिसऱ्या दिवशी पंधरा होतात आणि चौथ्या दिवशी माणूस पुस्तकाला तोंड चुकवतो, उधारीवालं गिऱ्हाईक दुकानासमोरून मान खाली घालून जातं तसं. गेली ती गेली. उद्या पुन्हा पाचच.

आता मोठं कॅलेंडर. लातूर-नांदेडकडचा बाजार सरळ रेषेत चालत नाही, पिकाबरोबर चालतो. जूनमध्ये पेरणी आणि शाळा एकदमच, त्यात कृषी सेवा केंद्रवाला आणि वह्या-पुस्तकांचा दुकानदार दोघांनीही अभ्यासाचं नाव काढू नये. सोयाबीनचा पैसा ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाजारात येतो, त्यावरच दसरा-दिवाळी. जानेवारीपासून तूर. मग लग्नसराई. यात प्रत्येक धंद्याचे मोकळे आठवडे वेगळे. कापडवाल्याचा, सराफाचा पितृपंधरवडा मोकळा जातो, त्यानं अंतिम खात्यांचं जड प्रकरण तिथं टाकावं. किराणावाल्याला मात्र पितृपंधरवड्यात उसंत नसते, त्याचं गणित वेगळं. वेळा अमावस्येला तर बाजारच शेतात असतो. त्या दिवशी पुस्तक पिशवीत घालून नेणाऱ्याला माझा नमस्कार, पण भज्जी-आंबील सोडून तो उघडेल असं मला वाटत नाही.

याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे प्रकरण आणि काम एका वेळी आणा. बँक जुळवणी पत्रक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घ्या, तेव्हा मागच्या महिन्याचं स्टेटमेंट ताजं असतं. वहीत बँकेत ४२,००० शिल्लक आणि पासबुकात ३९,५०० का, हे स्वतःच्या आकड्यावर शोधलं की प्रकरण डोक्यात बसतं. विक्री-खरेदी पुस्तकं जीएसटी विवरणाच्या आठवड्यात घ्या. दरमहा भरणाऱ्याला जीएसटीआर-१ ची तारीख ११, तिमाहीवाल्याला तिमाहीनंतरच्या महिन्याची १३. कंपोझिशनवाल्याचा तिमाही भरणा १८ पर्यंत. त्या दिवसांत बिलं तशीही टेबलावर पसरलेली असतात. सीएच्या ऑफिसात पिशवी नेऊन टाकण्याआधी एकदा पुस्तक शेजारी ठेवून ती लावा. घसारा मार्चमध्ये, अंतिम खाती एप्रिलमध्ये. हा क्रम पुस्तकाच्या क्रमाशी पूर्ण जुळणार नाही. रोजकीर्द आणि खातेवही मात्र सगळ्यांच्या आधी लागतात, त्याला इलाज नाही.

आठवड्यातून एकदा पेपर. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी पुस्तक बंद, कोरा कागद, आठवड्यात केलेल्यातल्या पाच नोंदी आठवून लिहायच्या, त्यातल्या दोन आधीच्या आठवड्यातल्या. तपासणार कोण? घरात कॉमर्सचं लेकरू असेल तर त्याच्याकडून तपासून घ्या. पोरीला बापाचा पेपर तपासायला लई मजा येते, आणि ती मार्क कापताना दया करत नाही. नसेल तर शेजारच्या दुकानदाराशी ठरवा, त्याचा तुम्ही, तुमचा तो. चुकलेली नोंद लाल पेनानं दुसऱ्या वहीत उतरवायची. महिन्यानं ती वही चाळली की कळतं, आपण एकाच जागी पुन्हा पुन्हा चुकतोय. बहुतेकांचं ते मालाची खरेदी आणि फर्निचरची खरेदी एकाच खात्यात टाकण्यात असतं.

काही जण म्हणतील, असं सैल सोडलं तर शिस्त कशी लागणार? मला यात सैल काही दिसत नाही. आठवड्याचा पेपर चुकवता येत नाही, ती शिस्तच आहे. तास भरणं सोपं असतं, पुस्तक समोर उघडं ठेवून तास भरतात. पाच बरोबर नोंदी भरता येत नाहीत, त्या कराव्याच लागतात. आणि हे माझ्या एकट्याचं डोकं नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी-धंदा करणाऱ्यांना शिकवतंय. त्यांची पुस्तकं बघा, छोटे छोटे घटक पाडलेले, घटकाच्या आत थांबून स्वतः सोडवायचे प्रश्न. बसायला सलग वेळ मिळणार नाही हे गृहीत धरून लिहिलेलं पुस्तक तसं असतं. आपल्या चॅनलवरच्या ज्या ताई मुक्त विद्यापीठाची पदवी करतायत, त्यांनी ते प्रश्न सोडून पुढं जाऊ नये, एवढंच सांगेन.

आणखी एक, माझ्याच धंद्याच्या विरोधातलं. व्हिडिओ बघून हे होणार नाही. व्हिडिओ माझ्या वेगानं चालतो. मी 'तेरीज जुळली' म्हणतो, तुम्ही मान डोलावता, आणि दोघांनाही वाटतं की शिकून झालं. पुस्तक तुमच्यासाठी थांबतं. व्हिडिओ प्रकरण उघडण्याआधी एकदा बघा, अडलं तर पुन्हा बघा. बैठकीत तो धरू नका.

ज्यांचं शटर अजून उघडायचंय

या वाचकांत निम्म्याहून जास्त जण अजून दुकान शोधतायत किंवा कर्जाच्या फायलीमागे आहेत. तुमचं आखणं उलटं चालेल. दसऱ्याला मुहूर्त धरला असेल तर दसऱ्यापासून मागे मोजा. रोजकीर्द आणि खातेवही मुहूर्ताच्या आधी हातात बसलीच पाहिजे, कारण पहिल्या दिवसाची पहिली नोंद, तुम्ही घातलेलं भांडवल, तुम्हालाच करायची आहे. उशिरा सुरू केलं तर ते आठवणीतून लिहावं लागतं आणि मग ते कधीच नीट लागत नाही. घसारा आणि अंतिम खाती दुकान सुरू झाल्यावर घेतली तरी चालतील. आज तुमच्याकडे वेळ आहे आणि स्वतःच्या नोंदी नाहीत. मामाच्या, मित्राच्या दुकानात आठ दिवस काउंटरला उभे राहा आणि त्यांना विचारून त्या आठ दिवसांच्या नोंदी उतरवा. मामा आकडे दाखवायला का-कू करतील. मग फक्त खर्च द्या म्हणा, विक्री नको.

आणि कर्जाची फाइल. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये पुढच्या काही वर्षांचा अंदाजी नफा-तोटा आणि ताळेबंद असतो. बहुतेक वेळा तो दुसऱ्यानं करून दिलेला असतो आणि आपण शेवटच्या पानावर सही करतो. त्यात पहिल्या वर्षाची विक्री किती लिहिलीय, हे विचारलं तर निम्म्यांना सांगता येत नाही. हप्ता मात्र त्याच आकड्यावर ठरतो आणि तो फेडणारे तुम्ही. सही करायची तारीख माहीत असेल तर तिच्या आधी चार बैठका फक्त ताळेबंदाच्या दोन बाजू ओळखायला ठेवा. तुमचं भांडवल कुठल्या बाजूला, बँकेचं कर्ज कुठल्या बाजूला, मशीन आणि माल कुठल्या बाजूला. तेवढ्यावर रिपोर्टवाल्याला तीन प्रश्न विचारता येतात.

पुढच्या व्हिडिओत बँक जुळवणी घेतोय. त्याआधी गेल्या महिन्याचं स्टेटमेंट काढून ठेवा, पासबुक भरून आणलं तरी चालेल. सोबत तुमची रोजची वही, जशी असेल तशी. शिल्लक जुळत नसेल तर दुरुस्त करत बसू नका, आपल्याला तोच फरक लागणार आहे.